ओमाकासे : ‘आज काय बरं आहे ते द्या’ म्हणून जेवायला बसणं

"लग्नाला पंचवीस वर्षं होतायत गं, ते ओमाकासे का काय म्हणतात, तिथे आमच्यासाठी एक टेबल बुक करशील का?" टोकियोला फिरायला येणाऱ्या ओळखीच्या मराठी माणसांकडून असा निरोप मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. मी इथे निशी-कासाईत राहते. निरोप आला की मी उलट फोन करते, कारण बुकिंगच्या आधी काही गोष्टी बोलाव्याच लागतात. ओमाकासे म्हणजे काय वाढायचं ते सुशीवाल्यावर सोपवलेलं जेवण. तिथे टेबल नसतं, ओट्यापाशी बसायचं. मेन्यू नसतो. आणि ठरवलेल्या दिवशी संकष्टी किंवा घरातल्या कुणाचा गुरुवार असेल, तर आधी तारीख बदलावी लागते.

माझा थोरला भाऊ साठ वर्षांचा झाला, तेव्हा तो आणि वहिनी इथे आले होते. दादा वेंगुर्ल्याचा, मासळीशिवाय घास न उतरणारा. तरी ‘कच्चा मासा’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. त्याला दोन-तीन संध्याकाळी बसून जे समजावलं, तेच इथे मांडते आहे. ओमाकासेला जाऊन आलेले पण ‘इतके पैसे कशाचे?’ हे न उमगलेले बरेच लोक मला भेटलेत. पैसे देऊन ते न उमगणं मला फार लागतं.

शब्दापासून सुरुवात करू. जपानीत ‘माकासेरु’ म्हणजे सोपवणं, हवाली करणं. शब्दाच्या सुरुवातीला आदराचा ‘ओ’ लागला की ओमाकासे : तुमच्यावर सोपवलं. सुशीच्या दुकानात मागवायच्या जुन्या तऱ्हा तीन. ‘ओकिमारी’ म्हणजे ठरलेला संच, आपल्या थाळीसारखा, किंमतही ठरलेली. ‘ओकोनोमी’ म्हणजे आपल्या आवडीनं, समोरच्या पेटीतले मासे बघून एकेक नग सांगत जायचा. आणि तिसरी ओमाकासे. ओकोनोमीत गिऱ्हाइकाला माशांचं ज्ञान लागतं : कुठला मासा कुठल्या महिन्यात भरतो, कशानंतर काय खावं. ओमाकासेत ते सगळं ओट्यापलीकडच्या माणसाच्या डोक्यात असतं. आज महागडी सुशी दुकानं बहुतेक ओमाकासेच देतात. त्यात दुकानदाराचीही सोय आहे. आठ माणसं येणार आणि सगळी एकच क्रम खाणार, हे सकाळीच ठाऊक असलं की तो मोजून खरेदी करतो, वाया काही जात नाही, आणि वाचलेला पैसा चांगल्या माशावर घालता येतो.

दादाला हे लगेच पटलं. आमची आई बाजारात एकाच ठरलेल्या मासळीवालीकडे जायची आणि टोपलीत न बघताच म्हणायची, "आज काय बरं आहे ते घाल." ती बाई कधी म्हणायची, "आज नको, उद्या या." हे ‘उद्या या’ ऐकून घ्यायची ज्याची तयारी आहे, त्याला ओमाकासे निम्मं समजलं.

आता ‘कच्चं’ ह्या शब्दाकडे येऊ.

आज आपण ज्याला सुशी म्हणतो, भाताच्या छोट्या गोळ्यावर माशाचा काप, तिला ‘निगिरी’ म्हणतात. निगिरु म्हणजे मुठीत दाबणं. ही एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची चीज. १८२० च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेईनं ती लोकप्रिय केली असं मानलं जातं. त्याआधीची सुशी वेगळी होती. मासा मिठात आणि भातात महिनोन्‌महिने आंबवायचे. बिवा सरोवराच्या काठी शिगा प्रांतात ‘फुनाझुशी’ आजही तशीच करतात. एदोतल्या घाईच्या लोकांना तितका धीर नव्हता. आंबण्यानं येणारी आंबट चव त्यांनी भातात व्हिनेगर घालून आणली आणि सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर विकायला लागली. दोन कामांच्या मध्ये उभ्या-उभ्या खायचं, हात पुसायचे, चालू लागायचं. तेव्हाचा एक नग आजच्या दुप्पट-तिप्पट मोठा असे. आज ज्या जेवणासाठी महिनोन्‌महिने आधी नाव नोंदवावं लागतं, ते मुळात वडापावसारखं गाड्यावरचं खाणं होतं.

आणि तेव्हा बर्फ नव्हता. ‘एदोमाए’ म्हणजे एदोच्या पुढ्यातलं, म्हणजे टोकियोच्या खाडीतलं. मी राहते त्या कासाईच्या किनाऱ्यावरही गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मासेमारी आणि नोरी ह्या समुद्री शेवाळाची शेती चालत होती. आता भराव घालून जमीन झाली आहे. खाडीतला मासा दुपारच्या उन्हात टिकवायचा तर त्याला काहीतरी करावंच लागे. कुणाला मीठ लावून व्हिनेगरमध्ये बुडवायचं, कुणाला सोया सॉसमध्ये मुरवायचं, कुणाला उकडायचं, कुणाला गोडसर रसात शिजवायचं. ह्या सगळ्याला सुशीवाले एकच शब्द वापरतात : ‘शिगोतो’. शब्दशः काम. ह्या माशावर चांगलं काम झालंय, असं ते म्हणतात. फ्रीज आला, टिकवायची गरज संपली, पण तोवर लोकांच्या जिभेला त्या कामाची चव लागली होती. म्हणून चांगल्या दुकानातले बरेचसे नग कच्चे नसतातच. कोळंबी उकडलेली असते, आनागो नावाचा वामेसारखा लांब मासा शिजवलेला असतो, ट्यूनाचा लाल भाग सोयात मुरलेला असतो. ट्यूना म्हणजे आपला कुपा. त्याचा चरबीचा भाग, ‘तोरो’, ज्याच्यासाठी आज लोक वेडे होतात, तो एदोकाळी टाकून द्यायचे. चरबीत सोया मुरत नाही आणि ती लवकर खराब होते. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असा मासा, असं त्याला म्हणत.

मग ही टोकियोची सुशी देशभर कशी पसरली? १९२३ च्या मोठ्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं आणि कारागीर आपापल्या गावी गेले, हे एक कारण. दुसरं मला जास्त रंजक वाटतं. युद्धानंतर धान्याची टंचाई होती, आणि १९४७ साली सरकारनं खाण्याची दुकानं चालवण्यावर बंदी आणली. टोकियोच्या सुशीवाल्यांनी तोडगा काढला : आम्ही जेवण विकत नाही, तुम्ही तांदूळ आणा, आम्ही त्याची सुशी करून देतो. एक ‘गो’, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ द्या आणि १० नग घ्या. दळण दळून द्यावं तसं. ही सवलत एदो पद्धतीच्या निगिरीला मिळाली, इतर प्रांतांतल्या सुशीवाल्यांनीही तीच करायला घेतली, आणि नगाचा आकार तेव्हापासून आजच्याइतका झाला.

ताजा मासा म्हणजे चांगला मासा, हे आपल्याला कोकणात लहानपणापासून शिकवलेलं असतं. कल्ला लाल हवा, डोळा चमकता हवा. ओमाकासेच्या ओट्यावर हा नियम थोडा बाजूला ठेवावा लागतो, आणि दादाला पटवायला सगळ्यात अवघड गेलं ते हेच.

जिवंत प्राण्याच्या स्नायूत शक्तीचा एक साठा असतो, त्याला एटीपी म्हणतात. मासा जाळ्यात तडफडून मेला तर तो साठा तिथेच संपतो. म्हणून जपानात चांगला मासा ‘इकेजिमे’ पद्धतीनं मारतात. डोक्यात टोकदार खिळा घालून मेंदू एका क्षणात थांबवायचा, रक्त काढून टाकायचं, आणि मग पाठीच्या कण्यातल्या नळीतून बारीक तार फिरवायची, म्हणजे स्नायूंना आकडी येण्याचा संदेशच जात नाही. साठा शाबूत राहतो. नंतर थंडाव्यात ठेवलेल्या माशात त्या एटीपीचं हळूहळू इनोसिनेट नावाच्या पदार्थात रूपांतर होतं, आणि इनोसिनेट म्हणजे चव. अगदी ताज्या माशात ते फारसं नसतं. तो लागतो करकरीत, पण चवीला मुका. फार दिवस ठेवला तर इनोसिनेटही मोडतं आणि कडसरपणा येतो. ह्या दोहोंच्या मधला दिवस कुठला, ते माशागणिक बदलतं. बांगड्यासारख्या माशाला थांबायला वेळ नसतो, पांढऱ्या मांसाचा चपटा मासा दोन-तीन दिवस मागतो, मोठा ट्यूना आठवडा आणि त्याहूनही अधिक. तुम्ही ज्या दिवशी जेवता, त्या दिवशी तुमच्या पुढ्यातला प्रत्येक नग वेगवेगळ्या वयाचा असतो. सगळ्यांची ‘आजच’ वेळ आली आहे, हे त्या माणसानं जमवून आणलेलं असतं.

चवीचं हे गणितही जपानी शास्त्रज्ञांनीच सोडवलं. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबू ह्या समुद्री वनस्पतीच्या कढणातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना वाळवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट सापडलं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चव बेरजेनं वाढत नाही, कितीतरी पटींनी वाढते. कारागिरांना हे शास्त्राच्या आधीच हातानं माहीत होतं. नाजूक मांसाचा मासा कोंबूच्या दोन पट्ट्यांत दाबून काही तास ठेवायची रीत जुनी आहे. पट्टी माशातलं पाणी ओढते आणि आपलं ग्लुटामेट देते.

आणि भात. सुशीवाले भाताला ‘शारी’ म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला आपला ‘शरीर’ आहे. बुद्धाच्या अस्थींच्या पांढऱ्या कणांना तिकडे शारी म्हणत, आणि भाताचे दाणे तसे दिसतात म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. तांदूळ आखूड दाण्याचा. आपल्याकडे जवळचा दाखला द्यायचा तर इंद्रायणीसारखा चिकट. शिजल्यावर लाकडी परातीत काढतात, व्हिनेगर-मीठ, कुणी थोडी साखर घालून उलथन्यानं कापत-कापत मोकळा करतात, पंख्यानं वारा घालतात. काही जुन्या धाटणीची दुकानं साके ह्या तांदळाच्या दारूच्या जुन्या चोथ्यापासून केलेलं तांबूस व्हिनेगर वापरतात, मग भात बदामी दिसतो. नव्या तांदळापेक्षा जुना तांदूळ पसंत करणारे बरेच आहेत, कारण त्यात ओल कमी आणि व्हिनेगर चांगलं शोषलं जातं. पुढ्यात येतो तेव्हा तो हाताच्या उबेइतका कोमट असतो, मासा त्याहून थोडा गार. बोटांत धरला तर सुटत नाही, तोंडात गेल्यावर आपोआप विस्कटतो. हा गोळा दाबायला शिकण्यातच शिकाऊ मुलाची वर्षं जातात. मला विचाराल तर, दुकान ओळखायचं माशावरून नाही, भातावरून. उत्तम मासा पैसे टाकून विकत घेता येतो.

वासाबीचंही तसंच. ट्यूबमधली हिरवी पेस्ट बहुतेक वेळा रंगवलेली, मोहरीच्या जातीच्या दुसऱ्याच एका मुळाची असते. खरी वासाबी ही इझूसारख्या डोंगराळ भागात वाहत्या थंड पाण्यात वाढणारी वनस्पती. ती किसली की पेशी फुटतात, आतलं एक विकर दुसऱ्या द्रव्याला भेटतं, आणि तेव्हा कुठे तो नाकात जाणारा झणका तयार होतो. तयार होतो आणि उडूनही जातो, काही मिनिटांत. म्हणून खडबडीत किसणीवर थोडी-थोडीच किसत राहतात. झणक्यामागून येणारा गोडसर, हिरवा वास एकदा घेतला की ट्यूबमधली पेस्ट पुन्हा तशी वाटत नाही.

दादाच्या साठीची जागा निहोम्बाशीजवळची होती, आठ खुर्च्यांची. निशी-कासाईहून तोझाई लाइननं थेट. गेल्यावर दिसतो तो हिनोकी लाकडाचा एकसंध ओटा. पलीकडे उभ्या असलेल्या मुख्य कारागिराला गिऱ्हाईक ‘ताइशो’ म्हणतात, सेनापती अशा अर्थाचा आपुलकीचा शब्द. तुम्ही नाव विचारायची गरज नाही, ताइशो म्हणा.

अशा बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होते. सहाची वेळ असेल तर सहाला भात तयार होतो, सहाला पहिला घास. उशिरा येणारा माणूस आपला वेळ घालवत नाही, उरलेल्या सात जणांचा भात गार करतो. मी इथे नवी असताना एकदा वीस मिनिटं उशिरा पोचले होते, गाडी चुकली म्हणून. कुणी काही बोललं नाही. पण मी बसेपर्यंत ताइशोंनी हातातला भात बाजूला ठेवून दिला आणि ओटाभर शांतता होती, ती मला अजून आठवते. दादा-वहिनींना मी साडेपाचलाच निहोम्बाशी पुलावर आणून उभं केलं.

अत्तर नको, हे मी आधीच सांगितलं होतं. माशाचा, भाताचा, वासाबीचा वास हाच जेवणाचा अर्धा भाग, आणि हातभर अंतरावर दुसरं कुणी बसलेलं असतं. वहिनींनी गजराही पर्समध्ये ठेवला, ते मी सांगितलं नव्हतं. घड्याळ, धातूचं कडं, मोबाइल लाकडावर आपटणार नाही ह्याची काळजी घ्यायची. हिनोकी मऊ असतं, ओरखडा कायमचा राहतो.

क्रम साधारण असा असतो. आधी ‘त्सुमामी’, म्हणजे थोडं-थोडं चाखायचं : एखादी वाफवलेली शिंपली, भाजलेला तुकडा, छोट्या वाटीत कढण. मग निगिरी सुरू. हलक्या पांढऱ्या माशापासून, म्हाकूल, मग ट्यूनाचे भाग, लाल ते चरबीदार, मग व्हिनेगरमधला रुपेरी मासा, कोळंबी, समुद्री साळिंद्राची गाभोळी, शेवटी गोडसर रस लावलेला आनागो आणि अंड्याचा जाड थर. प्रत्येक दुकानाचा क्रम आपला. काही ताइशो तोरोनंतर मुद्दाम आंबट नग ठेवतात, जीभ धुऊन निघावी म्हणून. मधे-मधे ‘गारी’, आल्याचं लोणचं, तेही त्याच कामासाठी. ते सुशीवर ठेवून खायचं नसतं.

नग समोर ठेवला की खायचा. भात कोमट आहे, नोरी कुरकुरीत आहे, ही अवस्था अर्धा मिनिट टिकते. फोटो काढायचा तर आधी विचारा आणि एकच काढा. हातानं खाल्लं तर उत्तमच, ओला रुमाल त्यासाठीच असतो. दादाच्या खांद्यावरचं निम्मं ओझं हे ऐकल्यावर उतरलं. एका घासात खायचं, तोडायचं नाही. घास मोठा वाटत असेल तर ‘शारी सुकुनामे’ म्हणा, भात कमी करतात. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी हे दोन शब्द लिहून ठेवा. सोया सॉसची वाटी बहुतेक वेळा नसतेच, कारण ताइशो ब्रशनं आधीच ‘निकिरी’ लावतात, साके आणि मिरिन नावाची गोडसर दारू घालून उकळलेला सोया. इथे एक गोष्ट सांगायला हवी : दारूचा अंशही न चालणाऱ्यांनी ते आधी विचारावं. चॉपस्टिक वापरत असाल तर एकीतून दुसरीत घास देऊ नका. इथे अंत्यविधीनंतर अस्थी तशा उचलतात.

सातवा का आठवा नग आला तो पांढुरका, फिकट रुपेरी. ताइशो म्हणाले, "किसु." कोंबूत दाबलेला. दादानं खाल्ला, डोळे मिटले, आणि मला विचारलं हा कुठला मासा. मला मराठी नाव सुचेना. ताइशोंनी ओट्याखालून माशांच्या चित्रांचं पुस्तक काढून पान उघडलं. लांबट तोंडाचा, सडपातळ, वाळूच्या रंगाचा मासा. "ही मुडदुशीच ना गो?" दादा ओरडलाच. तो म्हणाला ते बरोबर होतं. किसु आणि आपली मुडदुशी एकाच वंशातल्या, सख्ख्या बहिणी म्हणाव्यात इतक्या जवळच्या. मी ताइशोंना सांगितलं की दादा लहानपणी खाडीच्या तोंडाशी गळ टाकून हाच मासा पकडायचा. ते थांबले, सुरी खाली ठेवली, आणि दादाला विचारलं, तुम्ही तो कसा खाता? रवा लावून तळून, हे मी भाषांतर केलं. त्यांनी मान हलवली : इथेही किसु तेंपुरात, म्हणजे पातळ पिठात बुडवून, तळतातच.

त्या क्षणापासून जेवण बदललं. पुढचे नग दादासमोर ठेवताना ताइशो पुस्तकाचं पान उघडून ठेवत होते. ‘कोहादा’ आला, व्हिनेगरमधला छोटा रुपेरी मासा, आपल्या तारलीचा लांबचा नातेवाईक. स्वस्त मासा आहे हा. पण त्याला मीठ किती मिनिटं आणि व्हिनेगर किती मिनिटं हे त्या दिवशीच्या माशाच्या आकारावर आणि चरबीवर ठरतं, म्हणून जाणकार दुकानाची पारख कोहादावरून करतात. खाऱ्या बांगड्यावर वाढलेल्या दादाला मीठ पाणी ओढतं हे वेगळं सांगावं लागलं नाही.

पैशांचं. टोकियोत रात्रीच्या बऱ्या ओमाकासेला माणशी साधारण २०,००० येन लागतात, नावाजलेल्या ठिकाणी ३०,००० ते ५०,००० आणि त्याहून वर. एक येन साठ पैसे धरला तर ३०,००० येन म्हणजे १८,००० रुपये. आकडा मोठाच आहे, तो कमी करून सांगण्यात अर्थ नाही. तो जातो कुठे? टोकियोतल्या तोयोसुच्या मासळीबाजारात पहाटे साडेपाचच्या सुमाराला ट्यूनाचा लिलाव होतो. ताइशोचे एकेका माशातले तज्ज्ञ व्यापारी ठरलेले असतात आणि चांगला माल आधी कुणाला द्यायचा हे वर्षानुवर्षांच्या संबंधांवर ठरतं. हा बाजार २०१८ पर्यंत त्सुकिजीला होता. मग दिवसभराचं शिगोतो. आणि एवढं करून रात्री आठ किंवा सोळा माणसंच जेवणार. गिंझातल्या तळघरातलं जिरो ओनो यांचं दुकान १० खुर्च्यांचं. २००७ मध्ये हॉटेलांना तारे देणारं टोकियोचं पहिलं मिशलिन गाइड आलं तेव्हा त्याला तीन तारे मिळाले, आणि २०१९ मध्ये गाइडनं ते नाव काढून टाकलं, दर्जा घसरला म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे नाव नोंदवताच येत नाही म्हणून. माझा सल्ला विचाराल तर, पहिल्यांदा जाणाऱ्यानं ताऱ्यांच्या मागे लागू नये. दुपारचं ओमाकासे देणारी चांगली दुकानं आहेत, तिथे नग थोडे कमी, पैसे बरेच कमी, पण भात तोच आणि हातही तेच. टीप द्यायची नसते. आयत्या वेळी रद्द केलंत तर मात्र पूर्ण रक्कम जाते. तुमच्या नावाचा मासा सकाळीच घेतलेला असतो.

ॲलर्जी, न चालणारे पदार्थ हे बुकिंग करतानाच सांगायचं, खुर्चीवर बसल्यावर नाही. गर्भवती बाईनं कच्च्या माशाचं जेवण टाळावं. आणि शुद्ध शाकाहारी आई-वडिलांना इथे आणू नका. भाज्यांची सुशी करून द्या म्हटलं तरी कढणात मासा असतोच. त्यांच्यासाठी बौद्ध मठांतून आलेलं ‘शोजिन र्‍योरी’ आहे. त्यात मासा-मांस नाहीच, कांदा-लसूणही नाही, कढण कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीचं. तो समारंभ तितकाच देखणा होतो, आणि त्यांना ‘ह्यात काय आहे?’ असं प्रत्येक वाटीला विचारावं लागत नाही.

खास दिवस आहे हे जरूर कळवा. जपानातही साठी मोठी मानतात. ‘कानरेकी’ म्हणतात तिला, साठ वर्षांचं चक्र पुरं होऊन माणूस पुन्हा जन्मवर्षाशी आला, म्हणून लाल अंगरखा घालतात. आपल्या साठ संवत्सरांच्या चक्राशी हे इतकं जुळतं की ताइशोंना समजवायला मला एकच वाक्य लागलं. शुभप्रसंगी इथे ‘ताई’ मासा हवा असतो, कारण ‘मेदेताई’ म्हणजे मंगल, आणि त्या शब्दाच्या शेवटी ताई आहे. बाळाच्या शंभराव्या दिवशी, आपल्या उष्टावणासारख्या विधीतही डोक्या-शेपटीसकट हाच मासा मांडतात. दादाचा पहिला नग ताई होता. केक, फुगे, भाषण ह्यांची अपेक्षा मात्र ठेवू नका. शेजारची माणसंही तितकेच पैसे देऊन शांतपणे जेवायला आलेली असतात.

शेवटचा अंड्याचा तुकडा झाला की ताइशो विचारतात, आणखी काही? इथे तुम्हाला पहिल्यांदा निवड मिळते, आवडलेला नग पुन्हा मागता येतो, त्याचे पैसे वेगळे. दादानं किसु मागितला. ताइशोंनी लाकडी पेटी तिरकी करून दाखवली, रिकामी. आठ माणसं, आठ नग. त्याऐवजी त्यांनी कोहादा पुढे केला, ह्या वेळी थोडं जास्त मुरलेला, दुसऱ्या ताटलीतला.

निघताना दादाला ‘गोचिसोसामा’ म्हणायला मी शिकवलं होतं. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ. पाहुण्यासाठी सामान गोळा करत केलेली धावपळ.

महिन्याभरानं वेंगुर्ल्याहून फोन आला. बाजारात ताज्या मुडदुशा मिळाल्यात, मी दिलेला कोंबू घरात आहे, तर किती तास दाबून ठेवू? मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. माशात अनिसाकिससारखे कृमी असू शकतात, ते मिठानं मरत नाहीत, व्हिनेगरनंही मरत नाहीत. नीट शिजवावं लागतं, नाहीतर उणे २० अंशांखाली किमान २४ तास गोठवावं लागतं. इथे मासा पकडल्यापासून ताटलीपर्यंत गारवा तुटत नाही, आणि प्रत्येक काप सरावलेल्या डोळ्याखालून जातो. तिथल्या पाटीतल्या माशाला हे लागू नाही. कोंबूचं कढण काढ, ते सारात घाल, आणि मुडदुशी रवा लावून तळ, असं सांगितलं. मागून वहिनी म्हणाल्या, तवा तापायला ठेवलाच आहे.